गावच्या ग्रुपचं ॲडमिनपद सोडायचंय, कोणाच्या हाती देऊ?

तापीकाठ
मंडळी, प्रश्न शेवटी आहे. आधी थोडं पाल्हाळ लावतो, त्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी रावेर तालुक्यातला. गावाचं नाव लिहीत नाही, आमच्या ग्रुपातले दोघंतिघं इथेही वाचत असतात. वय ४१. तेरा वर्षं प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काढली, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. क्लायंट अमेरिकेतला, आरोग्यविम्याचा. दवाखान्यांच्या क्लेमच्या फायली दर अर्ध्या तासाला येतात, एखादी अडकली की आम्ही सोडवायची. मार्च २०२० मध्ये लॅपटॉप आणि दोन बॅगा घेऊन पुण्यातल्या वाकडहून गावी आलो तो इथलाच झालो. टीम चार शहरांत पांगलेली, त्यामुळे परत या असं कोणी म्हणालंही नाही. महिन्यातून एकदा सावद्याहून ट्रॅव्हल्सने पुण्याला जाऊन तोंड दाखवून येतो.

शिफ्ट उन्हाळ्यात साडेपाच ते अडीच आणि हिवाळ्यात साडेसहा ते साडेतीन. तिकडे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे सरकवतात, नोव्हेंबरात मागे घेतात, म्हणून. आईला हे अजून पटलेलं नाही. "घड्याय कोनी मागंपुढं करतं का रे?" म्हणते आणि ताट तिच्याच वेळेला वाढते.

आता ग्रुपचं. २०१६ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुणे, सुरत, नाशिक, ठाण्याची पोरं गावी आली होती. पारावर बसून व्हॉट्सॲप ग्रुप काढला. संगणकवाला म्हणून ॲडमिन मी. मर्यादा तेव्हा नुकतीच १०० वरून २५६ झाली होती, वर्षभरात तीही भरली. मग 'भाग २' निघाला आणि भाग १ वाले स्वतःला मूळ रहिवासी समजू लागले. २०२२ च्या शेवटी मर्यादा १०२४ झाली, तेव्हा कुठे दोन्ही भाग एक केले. त्यावरूनही आठ दिवस रुसवेफुगवे. आज ६३८ जण आहेत.

ग्रुपवर काय चालतं ते खान्देशातल्यांना सांगायला नको. सकाळी बऱ्हाणपूरचे केळीचे भाव: नवती, पिलबाग, कांदेबाग. मयताच्या बातम्या. विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली. कुणाची गाय सुटली. आणि गेल्या चार-पाच वर्षांत वाढलेला भाग म्हणजे सरकारी ॲप आणि पोर्टल. ई-पीक पाहणीत फोटो जात नाही, पीएम-किसानचं ई-केवायसी होत नाही, फार्मर आयडीत गट नंबर दिसत नाही, लाडक्या बहिणीचा ओटीपी तिच्या सुरतेतल्या नवऱ्याच्या मोबाइलवर जातो. हे सगळं येतं माझ्याकडे. कंपनीत मी एल-टू, म्हणजे सपोर्टची दुसरी पायरी; गावात एल-वन, एल-टू, एल-थ्री सगळं मीच.

कंपनीत निदान तिकीट बंद करता येतं. 'रिझॉल्व्ह्ड' केलं, पाच दिवस कोणी बोललं नाही की आपोआप 'क्लोज्ड'. गावात कुठलंच तिकीट बंद होत नाही. सातबारा कसा उतरवायचा ते मी एकदा नीट लिहून काढलं, फोटो काढले, पिन केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच खाली प्रश्न: "भाऊ सातबारा कसा काढता?" मी लिहिलं, वर बघा. तर तो माणूस दिवाळीत घरी आला नाही. मेहुण्याकडून कळलं, "संगणक शिकला तं माजला."

नियम लावून पाहिले नाहीत असं नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला जे घडलं ते आठवत असेल. आठवडे बाजाराचा रविवार. भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. मंगळवेढ्याकडची माणसं ती. 'टोळी फिरतेय' हा मेसेज त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवरही दोनदा पडला होता. एकदा मी हसून सोडून दिला होता, आणि ते अजून टोचतं. पुढे व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड पाच ठिकाणांपुरतं बांधलं, पण ते नंतरचं. मी त्याच रात्री 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे बटण दाबलं. तीही सोय तेव्हा नुकतीच आलेली.

अकरा दिवस ग्रुप बंद होता. बाराव्या दिवशी सकाळी आमच्या आळीतले एक आप्पा गेले. मुलाने पहाटे साडेपाचला मला एकट्याला मेसेज केला, 'दहाला नेणार, टाकून दे'. मी तेव्हा पुण्यात होतो, चारला लॅपटॉप मिटून झोपलेलो. उठलो पावणेबाराला. भुसावळ, फैजपूरची सोयरी मंडळी पोचली तेव्हा तापीकाठी राख निवत आली होती. त्या दिवशी ग्रुप उघडला, तो परत कधी बंद केला नाही.

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट, जिच्यामुळे हे लिहितोय.

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा. आमच्याकडे पी-वन, म्हणजे सगळ्यात तातडीचं तिकीट, लागलेलं. क्लेमच्या फायली येत होत्या पण आत जात नव्हत्या, रांग वाढत चाललेली. कॉलवर चौदा माणसं, त्यातली दोन क्लायंटची. शेजारी मोबाइल असा थरथरत होता की सरकत सरकत टेबलाच्या कडेला आला. बघतो तर एका निवृत्त एसटी ड्रायव्हर काकांच्या नंबरवरून ग्रुपमध्ये फाइल पडलेली: 'पीएम किसान नवीन यादी', आणि शेवटी एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. काका नऊला झोपतात हे गावातलं पोरगंही सांगेल. मी ती सगळ्यांसाठी डिलीट केली, खाली लिहिलं, 'कोणी उघडली असेल तर नेट बंद करा आणि मला फोन करा'.

फोन सुरू झाले. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानाला मोबाइल. इकडून कोणीतरी विचारतंय, "क्यूमध्ये किती आहेत?" तिकडून चुलतभाऊ विचारतोय, "इमानाचं चित्र कुठी हे?" त्याला एअरप्लेन मोड सांगत होतो मी. सात जणांनी ते ॲप टाकलं होतं. सहा जणांची सिमं काढायला लावली, मग घरच्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायला लावलं. सातव्याचा फोन लागेना. त्याचं केळीचं पेमेंट त्याच दुपारी जमा झालं होतं. ४०,००० गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार केली, त्यातली काही रक्कम पुढच्या बँकेत अडकवली आहे म्हणतात, त्याच्या हातात अजून रुपया नाही.

कॉलवर माझं नाव तीनदा पुकारलं गेलं. नंतरच्या आरसीएमध्ये (बिघाडाचं मूळ कारण शोधणाऱ्या अहवालात) एक ओळ आली, की एल-टूचा प्रतिसाद नऊ मिनिटं उशिरा. तेरा वर्षांत पहिल्यांदा. आणि पारावर दुसऱ्या दिवशी ज्याचे पैसे गेले त्याचा भाऊ: "तू तं ॲडमिन होता ना?"

तर प्रश्न. हे ओझं उतरवायचं कसं? नुसतं 'एक्झिट' करून? कोणाच्या हाती देऊन? सोडल्यावर तुम्हाला झोप लागणार का, हा प्रश्न बायकोचा आहे, माझा नाही.


निवांत_नाशिककर
ग्रुप सोडा, फोन सायलेंट करा, झोपा. एवढं मोठं काय त्यात?


जुना_मोडेम
नाशिककर, तुम्ही कधी ॲडमिन नव्हता हे कळलं.

मी भुसावळचा, वडील रेल्वेत. १९९९ ला वायटूकेच्या लाटेत नोकरीला लागलो. कोबोलच्या जुन्या प्रोग्राममध्ये दोन आकडी वर्षं हुडकायची आणि चार आकडी करायची, हे माझं पहिलं काम. त्याच सुमारास कॉलेजच्या बॅचचा याहू ग्रुप काढला आणि पंधरा-सोळा वर्षं राखला. त्यात काय नव्हतं? कोणाच्या व्हिसाची हकीकत, कोणाच्या बापाच्या बायपासचा खर्च, शेगडीवर वांगं भाजून भरीत कसं करायचं यावर चाळीस पत्रं (भरताची वांगी न्यू जर्सीत मिळत नाहीत, हा त्यातला निष्कर्ष). २०१९ मध्ये याहूने कळवलं की जुना मजकूर काढणार, उतरवून घ्या. मी 'या शनिवारी करतो' म्हणत राहिलो. २०२० च्या डिसेंबरात ग्रुपच मिटले. आळस माझा, दोष कोणाला देऊ. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: ग्रुपवर जे टिकवण्यासारखं आहे ते वहीत, फाइलमध्ये, कुठेही बाहेर काढून ठेवा. पिन केलेलं कोणी वाचत नाही, खरं आहे. पण तुमच्यानंतरच्या ॲडमिनला लागेल.

दुसरी गोष्ट. 'वर बघा' म्हणायची सवय आपल्याला लागली ती कामामुळे. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट २००८ ला सुरू झाली. आधी विचारलेला प्रश्न पुन्हा आला की डुप्लिकेटचा शिक्का मारायचा, ही तिथली रीत, आणि प्रोग्रामरांसाठी ती सोन्यासारखी होती. नल पॉइंटरची चूक जळगावात आणि जर्मनीत सारखीच असते, एक उत्तर सगळ्यांना चालतं. पण नवख्या पोरांना तिथे विचारायची धास्तीही वाटायची. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं. आठवड्याभरात तिथे त्याची उत्तरं चिकटवायला बंदी झाली, पण विचारणारेच तिकडे वळले त्याला काय करणार? आमच्या टीममधली पोरं आता वरिष्ठालाही विचारत नाहीत. यंत्रासमोर अडाणी दिसायची लाज वाटत नाही ना.

तुमच्या गावात अजून माणसं माणसाला विचारताहेत. कटकट आहे, मान्य. पण आमच्या बॅचच्या आताच्या ग्रुपवर या महिन्यात काय आलं सांगू? अठरा वाढदिवस आणि एक गुड मॉर्निंगचं फूल.


शिरपूरची_टेस्टर
तापीकाठ भाऊ, मी क्यूएमध्ये आहे, दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेते, तेव्हा राग मानू नका.

तुमच्या आरसीएमध्ये मूळ कारण चुकलंय. एपीके हे निमित्त. ६३८ माणसं आणि ॲडमिन एक, तोही दिवसा झोपणारा आणि रात्री कॉलवर असणारा. २०१८ मध्ये आप्पांची बातमी अडकली तीही याच कारणाने. म्हणजे हाच दोष सात-आठ वर्षं उघडा होता आणि तुम्ही बटण दाबून उघडझाप करत बसलात. कंपनीत तुम्ही असं एकट्यावर चालणारं काही लाइव्ह जाऊ दिलं असतं का? तिथे ऑन-कॉल रोस्टर असतं, बॅकअप असतो, शिफ्ट संपताना हँडओव्हर असतो. गावात का नाही?

मला वाटतं, गावात नाही कारण तुम्हाला ते नकोय. "एल-वन, एल-टू, एल-थ्री सगळं मीच" हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मला ते मिशीवर ताव दिल्यासारखं वाचता आलं. मला मिशी नाही, पण माझंही तसंच होतं म्हणून ओळखलं.

कानबाई म्हणजे आमची खान्देशातली देवी, तिच्या उत्सवासाठीचा भाऊबंदांचा ग्रुप मी चालवते. पुणे, सुरत, अंकलेश्वर, सगळीकडून मंडळी शिरपूरला येतात. नागपंचमीनंतरचा रविवार, सोमवारी विसर्जन, हे आजीच्या आजीपासून ठरलेलं. तरी दरसाल आषाढातच एक काका विचारणार, "कवय शेतस रोट?" (कानबाईचे रोट कधी आहेत?) पहिल्या वर्षी मी तारखेचं चित्र बनवून टाकलं, म्हटलं आता नाही विचारणार. विचारलं. दुसऱ्या वर्षी चित्राकडे बोट दाखवलं, काका गप्प झाले, आणि त्या वर्षी आलेच नाहीत. आता ते विचारतात, मी उत्तर देते, मग काकू लिहिते 'आम्ही पाच जण', मग आत्या लिहिते 'आम्ही तीन', आणि गहू किती घ्यायचा याचा हिशेब आपोआप लागतो. चित्र टाकलं होतं त्या वर्षी मला सत्तर फोन करावे लागले होते. तो प्रश्न म्हणजे आमच्याकडे रिलीजची सुरुवात असते, आणि मी तो बग म्हणून बंद करत होते.

आता दोन कामाच्या गोष्टी. एक, "तू तं ॲडमिन होता ना" याने घाबरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पारावर हे चालणार नाही, पण तुमच्या मनाला चालेल. दोन, ६३८ मध्ये बायका किती? ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो ते तिकीट एखाद्या बाईच्या हाती द्या, बघा किती लवकर सुटतं.


तापीकाठ
टेस्टरताई, मिशीचं लागलं. खरं असेल.
बायका मोजल्या: ४१. त्यातल्या गेल्या महिन्यात लिहिणाऱ्या तीन, आणि त्यात एक माझी बायको, तिने लिहिलं होतं 'यांना उठवू नका'.


पिलबाग
मी यावलकडचा, केळीवाला. नोकरीवाल्यांच्या गोष्टीत बोलतोय, चालत असेल तर वाचा.

आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बाराला घरून निघायचं, मळ्यात जाऊन मोटर बघायची. मोबाइल स्टार्टर बसवला आहे, पण फेज गेला की त्याला काय कळतं? फिल्टर तुंबला की हातानेच धुवावा लागतो. बागेत बॅटरी मारली की पानंच पानं दिसतात. दोन वर्षांमागे शेजारच्या मळ्यात बिबट्याने वासरू नेलं. तव्हापासून खोकत चालतो.

तिथे बांधावर बसून मी ग्रुपवर लिहितो, "लाइट आली का?" मोटर माझ्यासमोर चालू असते. मले दिसतं ना लाइट आली ते. तरी लिहितो. मग कोणीतरी लिहितं, "आली, आमच्याकडे पण." मग तिसरा. आमच्या गावातही एक तुमच्यासारखा पोरगा आहे, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. त्याच्या माडीवरची ट्यूबलाइट माझ्या मळ्यातून दिसते. तो दोनला उत्तर देतोच. त्याला वाटत असेल हा माणूस रोज तेच काय विचारतो.

तुम्ही सोडा बिनधास्त. पण लाइटीच्या रात्री जागा असणारा एक तरी ॲडमिन ठेवा, तो मळेवालाच ठेवा. आम्ही जागेच असतो, आणि आम्हाला कॉल नसतो.


तापीकाठ
पाच आठवड्यांनी लिहितोय. विचारलेल्यांनी रागावू नये, क्वार्टर एंडचा फ्रीझ होता आणि मग बागेची लागण निघाली.

सोडलं नाही. चार ॲडमिन वाढवले. सरकारी ऑनलाइन कामांचं सीएससी केंद्र चालवणारी आमच्या गावची सून, झेडपी शाळेचे मास्तर, निवृत्त पोस्टमन, आणि पिलबाग यांच्या सल्ल्याने एक मळेवाला, ज्याचे मोबाइलवरचे अंगठे माझ्यापेक्षा जोरात चालतात. ऑफिसात देतो तसा हँडओव्हर लिहून दिला, दोन पानं. पोस्टमनकाकांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "यात मयताचं कुठे लिहिलंय?" लिहिलं नव्हतं. आता पहिला मुद्दा तोच आहे: मयताची बातमी कोणीही, कधीही, न विचारता टाकावी.

सूनबाईने दुसऱ्याच दिवशी नियम केला, ग्रुपवर कसलीच फाइल नको, लग्नपत्रिकासुद्धा फोटो काढून टाका. मी असा नियम केला असता तर आठ दिवस वाद झाला असता. तिला एकजण "का?" म्हणाला, तिने लिहिलं, "४०,००० कोण भरून देणार, तुम्ही?" विषय संपला. ओटीपीवाल्या बायका आता थेट तिच्या केंद्रावर जातात. ग्रुपमध्ये ४१ च्या ६७ झाल्या आहेत. ज्याचे पैसे गेले तो अजून माझ्याशी तुटक बोलतो. त्याला दर सोमवारी तक्रारीचं स्टेटस काढून देतो, तेवढं एक काम मी कोणाला दिलेलं नाही.

पहिल्या रात्री ग्रुप म्यूट केला, फोन उलटा ठेवला. कॉल नव्हता, रांग रिकामी. दीड वाजता उठून पाणी प्यालो. दोनला फोन सुलटा केला. कोणीतरी स्टार्टर ट्रिप होतो म्हणून विचारलं होतं आणि मळेवाल्या ॲडमिनने उत्तर दिलं होतं. उत्तर निम्मं बरोबर होतं. मी राहिलेलं निम्मं टाइप केलं, मग पुसलं, मग बायको झोपली आहे ना ते बघून पुन्हा टाइप केलं. तेवढ्यात तिसऱ्याच कोणीतरी बोलून टाकलं, एक मिनिट चाळीस सेकंदांचा आवाज, मागे मोटर चालू.

येत्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे जातंय, माझी शिफ्ट साडेसहाला. रोस्टरमध्ये वेळा बदलायच्या म्हणून मास्तरांना फोन केला, तर तेही आईच्याच पक्षात निघाले.